विसा, कोडी आणि स्कोअर

(गोंदिया येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर खेड्यापाड्यांतल्या मुलांना अंकगणित शिकवलं. म्हणून आज मी एका आकड्यावर बोलायचं ठरवलं आहे. आकडा आहे वीस. या वीसला इंग्रजीत एक जुना शब्द आहे. तो आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. सामना सुरू असला की रस्त्यावरून जाणारा माणूस पानठेल्याशी थांबतो आणि विचारतो, “स्कोअर काय झाला?” हाच तो शब्द. स्कोअर म्हणजे धावसंख्या हे आपल्याला ठाऊक आहे. पण इंग्रजीत स्कोअर म्हणजे वीस. एक स्कोअर म्हणजे वीस, दोन स्कोअर म्हणजे चाळीस, तीन स्कोअर म्हणजे साठ.

आता सांगा, ही मोजणी आपल्याला परकी वाटते का? आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी ‘दोन विसा’, ‘तीन विसा’ म्हटलेलं आपण ऐकलेलं नाही का? कुणी विसा म्हणतं, कुणी इसा म्हणतं, उच्चार गावागणिक बदलतो. बाजारात कोडीच्या हिशेबानं माल घेतला जायचा, ती कोडी म्हणजेही वीसच. आणि धानाची खंडी? तीसुद्धा वीस मणांची.

आज मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, स्कोअर हा शब्द कुठून आला, त्याचं स्पेलिंग असं का, आणि वीसपासून धावसंख्येपर्यंत त्याचे अर्थ कसे पसरले. दुसरी, विसांनी मोजायची रीत जगात कुठे कुठे होती आणि आपल्या जिल्ह्यात ती कशी नांदली. तिसरी, या रीतीचं शाळेत काय झालं आणि आपण काय करायला हवं. या तिन्हींच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे: ज्याला आपण अडाण्याचा हिशेब म्हणतो ते पुरतं गणित आहे, आणि त्याचे शब्द ही आपल्या इतिहासाची कागदपत्रं आहेत.

पहिली गोष्ट शब्दाची.

स्कोअरचा मूळ अर्थ आहे खाच. लाकडावर सुरीनं पाडलेली खाच. शब्द मुळात इंग्रजी नाही. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक समुद्र ओलांडून इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात आले. आधी लुटीला आले, मग जमिनी करून राहिले. त्यांच्या नॉर्स भाषेत खाचेला ‘स्कोर’ म्हणत. शेजारी राहता राहता तो शब्द इंग्रजांच्या बोलण्यात शिरला.

पण खाचेचा वीसशी काय संबंध? मेंढपाळ डोळ्यांपुढे आणा. मेंढ्या एकेक करून वाड्यात शिरताहेत आणि तो मोजतो आहे. वीस झाल्या की हातातल्या काठीवर एक खाच पाडायची आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. शेवटी काठीवर चार खाचा आणि वर सात मेंढ्या. म्हणजे किती? सत्त्याऐंशी. अशा मोजणीतूनच खाच या शब्दाला वीस हा अर्थ चिकटला असावा, असं कोशकार मानतात. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात अगदी अलीकडेपर्यंत मेंढ्या मोजायचे वेगळेच शब्द टिकून होते: यान, टान, टेदरा, मेदरा, पिंप. नेहमीच्या इंग्रजीशी त्यांचं जमत नाही. बरेच अभ्यासक त्यांचं नातं वेल्श भाषेच्या घराण्याशी जोडतात. पाचला वेल्शमध्ये ‘पिंप’ म्हणतात, त्याचा सख्खा भाऊ हा पिंप. आणि ही मोजणी कुठे थांबते? विसावर. वीस झाले की खाच.

काठीवरच्या या खाचा मेंढपाळापुरत्या राहिल्या नाहीत. इंग्लंडच्या राजाचा खजिना कित्येक शतकं याच खाचांवर चालला. बाराव्या शतकात रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदारानं या खात्याच्या कारभारावर पुस्तक लिहून ठेवलं. कुठल्या रकमेला केवढी खाच पाडायची, हे त्यात दिलं आहे. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभर पौंडांना अंगठ्याएवढी, वीस पौंडांना करंगळीएवढी आणि एका पौंडाला सातूच्या टपोऱ्या दाण्याएवढी. म्हणजे वीसला स्वतःची खाच होती. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. एक फाक पैसे देणाऱ्याकडे, दुसरी घेणाऱ्याकडे. हिशेबाच्या वेळी दोन्ही फाकी जुळवून बघायच्या. एकानं लबाडी करून खाच वाढवली तर दुसऱ्या फाकीशी ती जुळणार कशी? अक्षरशत्रू माणसालाही फसवता येऊ नये, अशी ही पावती होती.

ही पद्धत १८२६ साली बंद झाली. साचून राहिलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ या दिवशी पार्लमेंटच्या इमारतीतल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. आच इतकी वाढली की धुराड्यांतून आग पसरली आणि पार्लमेंटचा बहुतेक भाग जळून गेला. ज्या सभागृहात साऱ्या साम्राज्याचे कायदे होत, ते खाचांच्या काठ्यांनी पेटवलं. जुना हिशेब निरुपयोगी ठरवून टाकून देण्याची घाई किती महाग पडते, याचं याहून मोठं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता अर्थ कसे पसरले ते पाहू. खाच म्हणजे नोंद, म्हणून गुत्त्यातली उधारी हाही स्कोअर झाला. जुनं वैर फेडायचं तरी इंग्रजीत ‘स्कोअर’च चुकता करतात. क्रिकेट नवं होतं तेव्हा धावा मोजणारा माणूस काठी आणि चाकू घेऊन बसायचा, प्रत्येक धावेला खाच पाडायचा. त्या काळात धावांना ‘नॉच’, म्हणजे खाचाच, म्हणत. पानठेल्यावरचा आपला स्कोअर आला तो इथून. संगीतात सगळ्या वाद्यांचं लेखन एका पानावर एकाखाली एक मांडतात. त्या ओळींना जोडणाऱ्या उभ्या रेघा खाचांसारख्या दिसतात, म्हणून तोही स्कोअर. वीस, उधारी, धावा, स्वरलेखन असे चार अर्थ, आणि चारही एका सुरीच्या टोकातून निघालेले.

स्पेलिंगकडे वळतो, कारण समोर इंग्रजीचे शिक्षक बसले आहेत आणि मुलं त्यांना ‘असं का’ म्हणून विचारतात. एस, सी, ओ, आर, ई. सुरुवातीचा ‘स्क’ ही या शब्दाच्या परदेशी जन्माची खूण आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्क’चा उच्चार ‘श’ होत गेला. नॉर्स भाषेत तो ‘स्क’च राहिला. म्हणून एकाच मुळाचे दोन शब्द इंग्रजीत शेजारी शेजारी दिसतात: देशी शर्ट आणि नॉर्स स्कर्ट. लोकर कातरणं म्हणजे शिअर, वाटा म्हणजे शेअर, आखूड म्हणजे शॉर्ट, हे सगळे स्कोअरचे देशी भाऊबंद आहेत. सगळ्यांच्या मुळाशी कापणं आहे. संस्कृतातला कृत् हा कापण्याचा धातूही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात धरतात. त्या धातूची कर्तरी, आणि कर्तरीची आपली कात्री. म्हणजे शिवणकाम करणाऱ्याच्या हातातली कात्री आणि फळ्यावरचा स्कोअर हे दूरचे नातलग झाले. आणि शेवटचा ई? एके काळी तिथे खरोखर स्वर उच्चारला जायचा. तो जिभेवरून गेला, कागदावर राहिला. मुलांना एवढं सांगितलं तर स्पेलिंग घोकावं लागत नाही, समजतं.

हा शब्द इंग्रजीत नुसता रुळला नाही, मानानं बसला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये माणसाच्या आयुष्याची मर्यादा सत्तर वर्षं सांगितली आहे, ती ‘तीन स्कोअर आणि दहा’ अशी. १९ नोव्हेंबर १८६३ ला अब्राहम लिंकन गेटिसबर्गच्या रणभूमीवर बोलायला उभे राहिले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला तेव्हा सत्त्याऐंशी वर्षं झाली होती. लिंकननी तो आकडा सत्त्याऐंशी म्हणून सांगितला नाही, चार स्कोअर आणि सात असा सांगितला. आपली आजी हाच आकडा चार विसा नि सात असाच सांगेल. मग तिची मोजणी अडाणी आणि लिंकनची थोर, असं कसं म्हणता येईल?

आता दुसरी गोष्ट. वीसच का?

उत्तर आपल्या अंगावरच आहे. हाताची बोटं दहा, पायाची दहा. काही माया भाषांत वीस आणि माणूस या दोन्हींना एकच शब्द आहे. वीस झाले म्हणजे एक माणूस पुरा झाला. मध्य अमेरिकेतल्या या माया लोकांनी विसावर उभी असलेली अंकलेखनाची पद्धत घडवली, आणि तिच्यात शून्यालाही चिन्ह होतं.

युरोपातही हेच. फ्रेंच माणूस आजही ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतो आणि नव्वदला ‘चार वीस दहा’. पॅरिसमध्ये नवव्या लुईनं तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी रुग्णालय काढलं. त्याचं नाव ‘पंधरा वीस’. पंधरा विसा म्हणजे तीनशे. ते रुग्णालय आजही त्याच नावानं चालतं. इंग्रजांचा पौंड वीस शिलिंगांचा होता, तो १९७१ पर्यंत तसाच राहिला.

आणि डेन्मार्कची गोष्ट ऐका. डॅनिश भाषेत पन्नासला जो शब्द आहे, त्याची फोड होते ‘अर्धा तिसरा गुणिले वीस’. अर्धा तिसरा म्हणजे काय? दोन पुरे झाले, तिसरा अर्धा आहे. म्हणजे अडीच. अडीच विसा म्हणजे पन्नास. आता आपला अडीच घ्या. तो आला संस्कृत ‘अर्धतृतीय’पासून, प्राकृतातून घासत घासत. अर्धतृतीय म्हणजे अर्धा तिसरा! कुठे डेन्मार्क आणि कुठे वैनगंगेचा काठ, पण अडीच मोजायची विचाराची वाट एकच. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, अडीचकी, औटकी म्हटली आहे त्यांना आणखी एक सांगतो. औट म्हणजे साडेतीन, ‘अर्धचतुर्थ’. तोच साचा.

आता आपल्याकडे या. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी मुलखाचं माप विसांवर चालत होतं. वीस मणांची खंडी. वीस पांडांचा बिघा. खंडीचं वजन मुलखागणिक कमी-जास्त व्हायचं, पण तिच्यातले वीस हलत नसत. कोडीचा माल सतराव्या शतकात सुरतेहून कापड नेणारे परदेशी व्यापारीही वीस-वीसच्या गठ्ठ्यांनी लिहून ठेवत. मेळघाटातल्या कोरकू भाषेतही विसांनी मोजायची रीत आहे, आणि कोरकूच्या घराण्यातल्या संथाळीतही ती आहे. आर्य घराण्याच्या, द्रविड घराण्याच्या आणि मुंडा घराण्याच्या भाषा मध्य भारतात हजारो वर्षं एकमेकींच्या शेजारी नांदल्या. वीस हा त्यांचा सामाईक पार.

एक गोष्ट जरा जवळून दाखवतो. मे महिना आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव भागातलं एखादं गाव. पहाटे जंगलात गेलेली माणसं उन्हं चढायच्या आत तेंदूपानाचे भारे घेऊन घरी येतात. ओसरीवर भारे सुटतात. सगळं घर पानं लावायला बसतं, म्हातारी सासूसुद्धा आणि शाळेला सुट्टी लागलेली पोरंसुद्धा. पान चांगलं पाहून घ्यायचं, पानावर पान ठेवायचं, मोजायचं आणि सालीच्या दोरीनं बांधायचं. आपल्याकडे पुडकं सत्तर पानांचं. असली हजार पुडकी झाली की प्रमाण गोणी भरते, आणि पैसे मिळतात ते पुडक्यांच्या शेकड्यावर.

सत्तर पानं म्हणजे किती विसा? तीन विसा आणि दहा. मघाशी बायबलमधला आकडा सांगितला होता, तीन स्कोअर आणि दहा, तोच हा. दोन पुडकी घ्या. एकशे चाळीस पानं म्हणजे सात विसा, वर काही उरत नाही. चार पुडकी म्हणजे चौदा विसा. विसांनी मोजणाऱ्या बाईला हे सांगायला कागद लागत नाही. संध्याकाळी संकलन केंद्रावर मुन्शी पुडकी मोजून घेतो तेव्हा तिचा आकडा तोंडात तयार असतो. तिला बेरीज घालून पाहा. तीन विसा नि बारा, त्यात दोन विसा नि पंधरा. ती म्हणेल, पाच विसा नि सत्तावीस, म्हणजे सहा विसा नि सात. आपण बहात्तर आणि पंचावन्न मांडतो, हातचा धरतो आणि एकशे सत्तावीस म्हणतो. तिनेही हातचाच धरला. आपण दहाचा धरतो, तिनं विसाचा धरला. स्थानमूल्य म्हणजे आणखी काय असतं?

आता गोंडीकडे वळतो, कारण आपल्या जिल्ह्यात मोजणीची गोष्ट गोंडीशिवाय पुरी होत नाही. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. एक ते सात. बऱ्याच गावांत हे सात शब्द अस्सल गोंडी राहिले आहेत आणि आठपासून पुढे मराठी-हिंदीचे आकडे येतात. असं का? घरातल्या आणि देवाच्या कामाला सातपर्यंतची मोजणी रोज लागते. पुढची मोजणी बाजारात लागते, आणि बाजाराची भाषा निराळी.

देवाच्या कामाला म्हणजे कसं? गोंड समाजात सगा, म्हणजे देवांच्या संख्येवरून ओळखले जाणारे कुळांचे गट, असतात. येरवेन म्हणजे सातदेवे, सारवेन म्हणजे सहादेवे, सैवेन म्हणजे पाचदेवे, नालवेन म्हणजे चारदेवे. एका सगातल्या मुलामुलीचं लग्न होत नाही, ती भावंडं असतात. सोयरीक ठरवताना आधी विचारतात, तुमचे देव किती? म्हणजे इथे आकडा नातं सांगतो. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला जत्रा भरते, अनेक राज्यांतून लोक येतात. कुठल्या कुठल्या प्रांतांतली अनोळखी माणसं एकमेकांना ओळखतात ती या आकड्यांवरून. गणिताच्या कुठल्या पुस्तकात आकड्याला एवढी प्रतिष्ठा मिळाली आहे?

आणि आता या सभागृहात विटीदांडू खेळलेली जी माणसं आहेत त्यांना विचारतो. विटी कुठवर गेली हे दांडूनं मोजताना काय म्हणत होता? वकट, रेंड, मुंड, नाल. कुणी लेंड म्हणत असेल, प्रांतागणिक उच्चार बदलतात. पुण्यातली मुलं हेच म्हणायची, कोल्हापूरचीही हेच म्हणायची. याचा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. तेलुगू ऐका: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. गोंडी ऐका: उंदी, रंड, मुंड, नालुंग. मराठी मुलांच्या खेळात द्रविड भाषांची मोजणी शेकडो वर्षं सांभाळून ठेवलेली आहे. उत्तर इंग्लंडच्या मेंढपाळानं जसे यान, टान, टेदरा सांभाळले, तसंच हे. राजे बदलतात, राज्यभाषा बदलतात, दप्तरं जळतात, पण खेळातली आणि गुरांमागची मोजणी टिकते. ज्या गोंडी शब्दांना आज शाळेत जागा नाही, त्यांचे भाऊबंद साऱ्या महाराष्ट्राच्या अंगणात खेळून गेले आहेत. हे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गोंड मुलाला कळलं पाहिजे. आणि गोंड नसलेल्या प्रत्येक मुलाला तर आधी कळलं पाहिजे.

एक शंका कुणाच्या मनात येईल. आठपासून पुढे गोंडीनं मराठीचे आकडे उसने घेतले, मग ती भाषा दुबळी नाही का? तर मग इंग्रजीला काय म्हणाल? स्कोअर नॉर्सकडून घेतला, डझन फ्रेंचकडून घेतला, मिलियनचं मूळ इटलीत, झीरो अरबीतून आणि त्या अरबी शब्दामागे आपलं शून्य. उसन्या आकड्यांवर उभी राहिलेली भाषा आज जगाचा व्यापार चालवते. आकडे उसने घेणं ही शेजाराची खूण आहे. दुबळेपणा तेव्हा येतो, जेव्हा आपले आकडे म्हणायची आपल्यालाच लाज वाटू लागते.

तिसरी गोष्ट, शाळेची.

१९५६ साली देशात वजनमापांचा नवा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. खंडी, मण, शेर, आणे हळूहळू गेले. याबद्दल माझी तक्रार नाही. साऱ्या देशाला एक माप हवंच होतं, आणि वेगवेगळ्या मापांच्या घोळात नागवला जायचा तो गरीब शेतकरीच. पण मापं गेली तशी त्यांच्याबरोबर वावरणारी मोजणीही आपण अडगळीत टाकली. विसा म्हणणारा माणूस शाळेच्या लेखी निरक्षर ठरला.

मग २०१९ चा जून आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं. केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रं भरली, विधिमंडळात प्रश्न निघाला. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण लिहितो आधी दशक, मग एकक. बोलतो मात्र उलटं: एक-वीस, बा-वीस, ते-वीस. इंग्रजीत आणि दक्षिणेच्या भाषांत वीसच्या पुढे आधी दशक बोलतात, मग एकक. मराठी मुलाला शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव निराळं पाठ करावं लागतं. बावन्न आणि बासष्ट, त्रेपन्न आणि त्र्याहत्तर यांत पोर अडखळतं आणि गणिताला घाबरू लागतं. त्याला आधार म्हणून दुसरी वाट दिली, पहिली बंद केली नव्हती.

विरोध करणाऱ्यांचंही म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न यांतला ‘बा’ आणि ‘बे’ हा संस्कृत ‘द्वि’चा अवशेष आहे. तोच ‘बे एके बे’ या पाढ्यात आहे. एकोणीस म्हणजे विसाला एक उणा. ‘एकोनविंशति’ हा सगळा विचार त्या चार अक्षरांत मावला आहे. लॅटिनमध्येही एकोणीसला ‘विसाला एक कमी’ असंच म्हणत. हे शब्द घालवणं म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांची कमाई घालवणं. ती घालवायची नाहीच.

पण त्या साऱ्या वादात मला एक गोष्ट खटकली. ‘वीस एक, वीस दोन’ ही रीत नवी, परकी, इंग्रजीच्या वळणाची आहे असं जो तो म्हणत होता. खरंच परकी आहे? आपली आजी ‘विसावर दोन’, ‘दोन विसा नि पाच’ म्हणत आली, ते काय आहे? आधी मोठा गठ्ठा, मग वरचे सुटे. जी युक्ती समितीनं मुलांपुढे ठेवली, ती आपल्या ओसरीवर पिढ्यानपिढ्या वापरात होती. तिचं मूळ इथेच होतं, हे त्या गदारोळात कुणी मोठ्यानं सांगितलं नाही.

जगात हा प्रश्न आपल्यालाच पडला असंही नाही. नॉर्वेत लोक आपल्यासारखेच एकक आधी बोलत. टेलिफोनचे आकडे सांगताना घोटाळे होऊ लागले. तेव्हा त्यांच्या संसदेनं निर्णय घेतला आणि १ जुलै १९५१ पासून दशक आधी बोलायची रीत सरकारी केली. शाळांनी ती शिकवली. पण जुनी रीत घराघरांतून गेली नाही, आजही कितीतरी लोक ती बोलतात. त्यानं नॉर्वेचं गणित बुडालं नाही आणि भाषाही बुडाली नाही. दोन रीती एका घरात राहू शकतात. मग आपल्या वर्गात का राहू नयेत?

आपल्या जिल्ह्यात तर दोन नाही, चार-पाच रीती राहू शकतात. इथल्या एकेका वर्गात कुणाच्या घरी झाडीबोली असते, कुणाच्या पोवारी, कुणाच्या गोंडी, कुणाच्या हिंदी, तर छत्तीसगडला लागून असलेल्या गावांत छत्तीसगढी. झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी आयुष्य वेचलं, म्हणून तिचे शब्द कागदावर आले. तसं काम आकड्यांसाठी व्हायला हवं. पहिलीतलं मूल शाळेत येतं तेव्हा त्याला मोजता येत असतं. त्यानं शेळ्या मोजलेल्या असतात, मोहफुलं वेचताना टोपल्या मोजलेल्या असतात, तेंदूची पानं मोजलेली असतात. आपण त्याला म्हणतो, ते विसर, आता एकपासून शिक. का विसरावं? त्याच्या उंदी-रंडवर फळ्यावरचा एक-दोन बसवता येत नाही का? त्याच्या विसावर दशक-एकक उभं करता येत नाही का?

मी बोललो त्याचं सार असं. स्कोअर ही मेंढपाळाच्या काठीवरची खाच, ती बायबलपर्यंत आणि लिंकनपर्यंत पोहोचली, कारण त्या समाजानं आपल्या मेंढपाळाची मोजणी टाकली नाही. आपला विसा तिच्याच तोलाचा आहे, त्याच्या सोबतीला कोडी आहे, खंडी आहे, गोंडीचे सात आकडे आहेत. गणित म्हणून त्यांत काहीही कमी नाही. कमी पडते ती आपली नोंद.

म्हणून शेवटी विनंती. शिक्षक मित्रहो, येत्या सत्रात मुलांना एक गृहपाठ द्या. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाकडून मोजणी ऐकायची आणि जशी कानावर पडेल तशीच लिहून आणायची. शुद्ध करू नका. कुठलं गाव, कुठली भाषा, कशाची मोजणी, सांगणाऱ्याचं वय काय, एवढं शेजारी लिहा. पायली, कुडो, खंडी आपल्या गावात किती मोठी होती तेही विचारा. महाविद्यालयातल्या तरुणांनो, मे महिन्यात तेंदूच्या हंगामात गावी जाल तेव्हा पुडकी बांधणाऱ्या बायांजवळ वही घेऊन बसा, कचारगडच्या जत्रेत दूरदूरच्या गोंडी भाषकांना त्यांचे आकडे विचारा, मोबाइलवर त्यांचा आवाज जपून ठेवा. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून एक वही भरली, तरी गोंदिया जिल्ह्याचा अंककोश तयार होईल. तो छापायची जबाबदारी या व्याख्यानमालेनं घ्यावी, गुरुजींचं याहून चांगलं स्मारक होणार नाही. ज्यांना हे शब्द येतात ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत, म्हणजे चार विसा पुरे झालेली आहेत. त्यांच्याकडे उद्या जाऊ म्हणू नका, याच आठवड्यात जा.